तेरावा गुत्ता

माझ्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. तिच्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलंय : 'गुत्ते – चालू आणि बंद'. मागच्या हिवाळ्यात सासूबाई आमच्याकडे ओमानमध्ये, अल् घुब्र्याला राहायला आल्या होत्या, तेव्हा इस्त्रीचे कपडे ठेवताना ती त्यांच्या हाती लागली. वही घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे अक्षर तुझंच ना गं?"

"हो, आई."

"गुत्ते?"

"त्यातले आठ बंद पडलेत," मी म्हटलं.

एवढ्याने त्यांचं समाधान होईल असं मला वाटलं होतं. पण पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलताना त्या उगाच जवळ येऊन श्वास घ्यायच्या.

वहीत अक्षर माझं असलं तरी गुत्ते इसाकचाचांचे. या माणसाने जन्मात दारूचा थेंब तोंडात घेतला नाही, एक नमाज चुकवली नाही. पण इंग्लंडातल्या एका बंदराचे गुत्ते त्यांना जसे पाठ होते, तशी मला माझ्या घरातली कपाटं पाठ नाहीत. आणि मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची, औषधांची, मुलांच्या वह्यापुस्तकांची, सुट्टीला गावी जाताना कुणाला काय द्यायचं त्याची, अशा सगळ्या याद्या माझ्याकडे असतात. म्हणून तर गाला या औद्योगिक वस्तीतल्या कंपनीने मला घेतलं. पंप आणि जनरेटरचे सुटे भाग विकणारी कंपनी. स्टोअरमध्ये गोंधळ आहे, तो निस्तरायला कुणीतरी शिस्तीचं माणूस हवं, असं मला सांगण्यात आलं होतं.

त्या गोंधळाचं नाव इसाकचाचा.

पहिल्या दिवशी मी स्टोअरमध्ये शिरले तर ओळीने तेरा लोखंडी रॅक उभे. एकाही रॅकवर नंबर नव्हता. प्रत्येकाच्या माथ्यावर पत्र्याचा एक तुकडा टांगलेला आणि त्यावर ऑइलपेंटने काढलेलं चित्र. पहिल्यावर पांढरं हरीण. दुसऱ्यावर एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन चाव्या. मग निळं डुक्कर, राजाचं डोकं, जहाजाचे तीन नांगर. सहाव्या रॅकवर झगा घातलेली एक बाई होती आणि तिला मुंडकंच नव्हतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

रॅकच्या मागून एक उंच, वाळका म्हातारा बाहेर आला. पांढरी कातरलेली दाढी, आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री तापमान असताना डोक्यावर काळी लोकरीची टोपी. ती त्यांनी काढली आणि छातीशी धरली.

"पंपाचे सील, बाय," ते म्हणाले. "मुंडका नसलेल्या बाईत सील. निळ्या डुकरात बेअरिंग."

रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातले ते. मी पुण्याची. त्यांचं बोलणं कानावर बसायला मला आठवडा लागला. त्या आठवड्यात मी सगळे पत्रे उतरवले, रॅकना नंबर दिले, प्रत्येक वस्तूची कॉम्प्युटरवर नोंद केली. उतरवलेले पत्रे चाचांनी फडक्याने पुसले, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले आणि आपल्या टेबलाखाली ठेवून दिले.

मग एक दिवस दूरच्या दुक्म बंदराहून फोन आला. तिथल्या साइटवर पंप बंद पडला होता, एक सील तातडीने हवं होतं. मी यादी पाहिली. शिल्लक शून्य. तसं सांगून मी फोन ठेवते तोच चाचा माझ्या केबिनच्या दारात उभे. टोपी हातात. केबिनच्या आत ते कधीच येत नसत. कितीही वेळा 'आत या ना' म्हटलं तरी 'हितंच बरा हाय' हे उत्तर ठरलेलं. आमचे अर्बाब, म्हणजे कंपनीचे ओमानी मालक, त्यांना लाडाने 'नोखदा' म्हणायचे, गलबताचा कप्तान. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली तरी नोखदा उंबऱ्याबाहेरच.

"बाय, सील हाय," चाचा म्हणाले.

"नाहीये, चाचा. यादीत शून्य आहे."

त्यांनी हात पुढे केला. तळहातावर एक सील. "हा तुझ्या यादीत कुठल्या नंबरावर हाय?"

मी नंबर वाचून दाखवला.

"आणि दुक्मवाल्यांना कुठला पायजे?"

तो नंबर निराळा होता. चाचांनी सील उलटं केलं. एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने खाच असलेलं. "दोन कंपन्या बनवतात. एक ह्या बाजूचा फोटो छापते, दुसरी ह्या बाजूचा. वस्तू एकच. तू दोनदा मोजलीस."

आणि मग, अजिबात कुत्सितपणा न आणता : "मुंडका नसलेल्या बाईत दोनी एकत्रच व्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः शिडी लावली आणि पत्रे परत टांगले. नंबरही ठेवले. अगदीच हार मानणं माझ्या स्वभावात नाही.

दुपारी एक वाजता जेवणाची सुट्टी व्हायची. एकला दोन मिनिटं कमी असताना चाचा ऑफिसच्या दारात येत, टोपी काढत आणि खणखणीत आवाजात एकच शब्द बोलत : "भरती!" की सगळे उठायचे. केरळी अकाउंटंट, पाकिस्तानी ड्रायव्हर, अर्बाबांचा धाकटा भाऊ, कुणालाही त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. त्यांच्या समजुतीप्रमाणे मराठीत जेवणाला 'भरती' म्हणत असावेत. मी एकदा खुलासा करायला गेले तर अकाउंटंट म्हणाला, "मॅडम, पोट भरतंय ना? मग बरोबर आहे."

दुपारी एक ते तीन गाला सुनसान असतं. गॅरेजची शटर्स अर्धी खाली येतात, रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही. एवढ्याशा वेळात घरी जाऊन परत यायचं मला परवडायचं नाही. मी डबा खाऊन स्टोअरमध्ये जाऊन बसायचे, कारण तिथला एसी बरा होता. चाचा निम्मे दिवे बंद करत, दोन ग्लासांत काळा चहा ओतत आणि एका खोक्यावर बसत. अशाच एका दुपारी मी विचारलं, "चाचा, ही चित्रं सुचली कुठून?"

"सुचली नाय. बघितली. गुत्त्यांवर."

ते जहाजावर खलाशी होते, तरुणपणी. मुंबईहून सुटणाऱ्या मालवाहू जहाजांवर. अधिकारी गोरे, डेकवरची मंडळी बहुतेक कोकणातली. इंग्लंडातल्या एका बंदरात त्यांचं जहाज वर्षातून दोन-तीनदा लागायचं. त्या गावाचं इंग्रजी नाव चाचा क्वचितच घेत. ते त्याला 'भुरा बंदर' म्हणायचे. "सगळा भुरा, बाय. पाणी भुरा, आभाळ भुरा, घरांच्या भिंती भुऱ्या. रंग म्हणून फक्त गुत्त्यांच्या पाट्यांना."

तिथल्या गोदीचं दार भरतीलाच उघडायचं. भरती चुकली तर जहाज पुढच्या भरतीपर्यंत अडकणार. त्यामुळे निघायच्या आधी गावभर पांगलेल्या मंडळींना गोळा करून आणणं हे मोठं काम. सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, ते चाचांवर सोपवलं. "हा पीत नाय," तो म्हणाला, "हा गेला तर परत येल."

चाचांना मराठीही वाचता येत नव्हतं, इंग्रजी तर दूरच. पण तिथल्या प्रत्येक गुत्त्यावर चित्राची पाटी लोंबकळत असायची. चाचांनी चित्रांवरून रस्ता पाठ केला. गोदीतून वर चढलं की पांढरं हरीण. हरणाच्या समोर चाव्या. मग दगडी उतार, तिथे निळं डुक्कर. प्रत्येक ठिकाणी ते दार ढकलायचे, उंबऱ्यावरच थांबायचे, टोपी काढायचे आणि त्यांना येणारा एकच कामाचा इंग्रजी शब्द मोठ्याने बोलायचे : "टाइड!"

"आत नाही जायचे?"

"कशाला? मना काय पायजे आत? दारातून सगळा दिसायचा."

आणि खरंच, त्यांना सगळं दिसलेलं होतं. ते सांगायला लागले की मला वाटायचं, रॅकच्या मधल्या बोळांत धुकं उतरतंय. चकाकणाऱ्या पितळी कांबी, कोळशाच्या शेगडीपुढे पाय ताणून झोपलेला कुत्रा, ओल्या लोकरीचा वास, खिडकीच्या जाड काचेतून येणारा मधासारखा उजेड. निळ्या डुकराची मालकीण त्यांना दारातच कपभर गरम दूध द्यायची. मुंडकं नसलेल्या बाईत एक म्हातारा पेटी वाजवायचा, तो 'टाइड' ऐकला की वाजवता वाजवता मध्येच सूर बदलायचा, म्हणजे गाढ रंगलेल्यालाही कळायचं. चाचा खोक्यावरून उठायचे, रॅकच्या मधून चालायला लागायचे. हा चढ, बाय. इथे वळायचं. इथे पाय घसरतो, शेवाळ असतं. मी, जिला दुपारच्या वेळी चार फोन करायचे असायचे, ग्लास हातात धरून त्यांच्या मागे मागे चालायचे. एकदा संध्याकाळी घरी जाताना गालाच्या चौकात सिग्नल हिरवा झालेला मला कळलंच नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दगडी उतार होता.

सगळे रॅक ठासून भरलेले असायचे. फक्त तेरावा रिकामा. त्यावर शिडं गुंडाळून धक्क्याला लागलेल्या जहाजाचं चित्र होतं. आठव्यावरही जहाजच, पण ते शिडं फुगवून निघालेलं. जागेची एवढी टंचाई असताना तेरावा रॅक मोकळा का, हे मला सहन होईना. दोनदा मी तिथे फिल्टरची खोकी लावली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ती खाली, जमिनीवर नीट रचलेली.

"चाचा, इथे माल का नाही ठेवायचा?"

त्यांनी जमिनीवरची खोकी आणखी सरळ केली. नंतर कित्येक महिने मी परत विचारलं नाही.

मग त्यांच्या व्हिसाचा प्रश्न आला. वय फार झालं होतं. अर्बाबांनी दोनदा ओळख लावून मुदत वाढवून घेतली होती, या वेळी ते जमलं नाही. दोन महिन्यांनी परत जायचं ठरलं. लोक म्हणायला लागले, "नोखदा, आता मजा. घर, नातवंडं, मासळी." चाचा मान हलवायचे. त्याच आठवड्यात एका दुपारी त्यांनी चहा ओतला आणि तसाच समोर ठेवून दिला.

"बाय, तू याद्या करतस. माझी एक करशील?"

"करते की. सामानाची?"

"गुत्त्यांची."

आणि मग त्यांनी दत्तूचं सांगितलं.

दत्तू त्यांच्याच गावचा, खाडीपलीकडच्या वाडीतला. दोघांनी एका होडीतून मासे मारले, एकाच दिवशी जहाजावर नाव लावलं. दत्तू गाणारा, हसरा, आणि तिथल्या गुत्त्यांत रमणारा. एका खेपेला, हिवाळ्यातली दुपार, धुकं असं की आपला हात दिसू नये. चाचा मंडळी गोळा करायला गेले. सगळे मिळाले, दत्तू मिळाला नाही. बारा गुत्ते झाले. मिळालेल्यांना घेऊन वरच्या रस्त्याने ते पळत परत येत होते, तेव्हा धुक्यात एका कोपऱ्यावर पाटी दिसली : धक्क्याला लागलेलं जहाज. ती त्यांनी पूर्वीही एक-दोनदा परतताना पाहिली होती, पण त्या गुत्त्यात आपली माणसं जात नसावीत असं समजून कधी थांबले नव्हते. ते थांबणार एवढ्यात गोदीतून भोंगा झाला.

"मी दार ढकलला नाय," चाचा म्हणाले. "चार पावलांवर दार व्हता. ढकलला नाय."

जहाज सुटलं. दत्तू मागे राहिला. त्यानंतर त्याचं पत्र नाही, निरोप नाही, काही नाही.

गावी परतल्यावर चाचा खाडी ओलांडून दत्तूच्या घरी गेले. आई उंबऱ्यात बसलेली. तिने एकच विचारलं, "सगळीकडं बघितलंस, इसाक?" आणि चाचा म्हणाले, "सगळीकडं बघितलेला, काकी."

"पोराचा काय करायचा ता तिला कळना," ते म्हणाले. "बाराव्या-तेराव्याचा विषय कुणी काढला तर अंगावर जायची. इसाकनं सगळीकडं बघितलाय, मिळाला नाय म्हंजे तो जित्ता हाय, कुठंतरी गेलाय, असा म्हणायची. तशीच गेली. आणि मना इकडं ठाव. बारा झाले, तेरावा राहिला."

ते शब्द त्यांनी साधेच उच्चारले. पण आमच्या भाषेत माणूस गेल्यावर जे दोन दिवस मोजतात, तेच ते दोन आकडे. मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

दत्तूची धाकटी बहीण शेवंती अजून त्याच घरात राहते. इतकी वर्षं सुट्टीला गावी गेले की चाचा बाजाराला जाताना तिचं घर टाळून खाडीच्या कडेने लांबचा वळसा घ्यायचे. सुट्टी महिन्याची असायची, निभायचं. "आता कायमचा जातंय. रोज कसा वळसा घालू? तिला खरा सांगायला पायजे. पण काय सांगू? कुठला गुत्ता, तिथं कोण बसायचा, मना कायच ठाव नाय. निदान तो गुत्ता हाय की नाय येवडा तरी बघून दे."

मी निळी वही काढली. रकाने आखले : चित्र, रस्ता, आज काय. कामाची गोष्ट हातात आली की मला बरं वाटतं, आणि त्या दुपारी मला बरं वाटण्याची फार गरज होती.

गावाचं खरं नाव त्यांच्या जुन्या खलाशी पासावर मिळालं. दुपारच्या सुट्टीत मी स्टोअरमधल्या कॉम्प्युटरवर त्या गावाचा नकाशा उघडायचे. रस्त्यावर उभं राहून चारी बाजूंना बघता येतं, तसले फोटो असतात ना, ते. चाचा खोकं ओढून माझ्या मागे बसायचे. गोदीतून मी बाण पुढे सरकवायचा आणि त्यांनी सांगायचं, वर, अजून वर, आता डावीकडे.

गोदी राहिली नव्हती. पाण्यात पांढऱ्या हौशी बोटी उभ्या होत्या. पांढरं हरीण शाबूत होतं, नुकतं रंगवलेलं. चाव्यांच्या जागी दाताचा दवाखाना. निळं डुक्कर पाडून गाड्या लावायची जागा केलेली. ते बघून चाचा म्हणाले, "दूध चांगला व्हता." तीन नांगरांच्या इमारतीत लोक राहत होते, खिडकीत कुंड्या. राजाचं डोकं, म्हणजे चौथा गुत्ता, आता मशीद झाला होता. मी इंग्रजी पाटी वाचून दाखवली तर चाचा चकित होऊन टोपी काढून बसले.

"खरा सांगतस?"

"हे बघा ना. वर लिहिलंय."

"म्हंजे तिथं आता मना आत जाता येल." आणि ते असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

रोज एक-दोन गुत्ते व्हायचे. सहाव्या बाईला मुंडकं नव्हतंच, आता गुत्ताही नव्हता, गालिच्यांचं दुकान होतं. आठवा सापडला तो मात्र अगदी जसाच्या तसा. उतरत्या रस्त्याच्या कोपऱ्यावर लाल विटांचं घर, लोखंडी दांड्यावर पाटी, पाटीवर शिडं फुगवून निघालेलं जहाज. "हा! ह्योच! ह्या दारातून मी आवाज दिलेला," चाचा म्हणाले. "त्या दिवशी पण. दत्तू नव्हता." मी रस्त्याचं नाव आणि घराचा नंबर लिहून घेतला, 'चालू' असं लिहून खूण केली.

बाराव्यापर्यंत वही भरली. तेराव्याच्या दिवशी चाचांनी चहा केलाच नाही. मी वरच्या रस्त्यावर गेले, जिथून ते धुक्यात पळत आले होते, आणि गोदीच्या दिशेने एकेक घर पुढे सरकू लागले. पुस्तकांचं दुकान. घर. घर. मग कोपऱ्यावर एक पांढरी चुना दिलेली भिंत, तिला बंद दिसणारं छोटं दार, आणि लोखंडी दांड्यावर पाटी. धक्क्याला लागलेलं जहाज, शिडं गुंडाळलेली.

चाचांचा श्वास मला ऐकू आला.

मी सवयीने घराचा नंबर बघितला आणि वहीत लिहायला गेले. लिहिताना हात थांबला. नंबर मी आधी लिहिलेला होता. मागची पानं चाळली. आठव्या गुत्त्यापुढे तोच नंबर, फक्त रस्त्याचं नाव वेगळं. मी परत पडद्याकडे बघितलं. बाण कोपऱ्यावरून वळवला. पांढरी भिंत संपली, लाल विटा सुरू झाल्या. दांडा तोच. पाटी तीच. त्या बाजूने जहाज निघालेलं, या बाजूने जहाज आलेलं.

मी पुन्हा मागे गेले. पुन्हा पुढे. मला नीट खात्री करून घ्यायची होती. पण चाचांना कळलं होतं. ते उठून उभे राहिले होते.

"बाय," ते हळूच म्हणाले, "सील."

"हो, चाचा. दोन्ही बाजूंना वेगळं चित्र आहे. वस्तू एकच."

"एकच गुत्ता."

"एकच. जाताना तुम्हाला ही बाजू दिसायची, परतताना ती. तुम्ही दोनदा मोजलात." मी वही त्यांच्यापुढे धरली, जरी त्यांना ते अक्षर वाचता येणार नव्हतं. "तेरावा नव्हताच. तुम्ही सगळीकडे बघितलं होतं."

त्यांनी टोपी डोक्यावरून काढली, परत घातली, परत काढली. मला वाटलं होतं ते रडतील, किंवा अल्लाचे आभार मानतील. मी टिश्यूचा डबाही जवळ ओढून ठेवला होता. पण ते पडद्यावरच्या जहाजाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग तो कुठं व्हता?"

या प्रश्नाला माझ्याकडे रकाना नव्हता.

"कुठल्याच गुत्त्यात नव्हता, म्हंजे..." ते थांबले. "म्हंजे मी त्याला सोडून नाय आलो. तो राहिला. त्याला राहायचा व्हता." मग, जवळजवळ कौतुकाने : "आणि मना सांगितला नाय, गाढवानं."

तीन वाजले. बाहेर शटर्स वर जायचा आवाज सुरू झाला. मी वहीतल्या तेराव्या ओळीवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तेराव्या रॅकवर फिल्टरची खोकी लागलेली होती, अगदी वरपर्यंत. पत्रा मात्र तिथे नव्हता. तो आठव्या रॅकवरच्या पत्र्याला पाठीला पाठ लावून बांधलेला होता, तारेने, घट्ट. येताना एक जहाज दिसायचं, जाताना दुसरं. अजून तो तसाच आहे.

जायच्या दिवशी त्यांना विमानतळावर सोडायला अर्बाब स्वतः गाडी घेऊन आले. मी ऑफिसातच निरोप घेतला. चाचा केबिनच्या दारात उभे राहिले, टोपी हातात. मी त्यांना सामानाची यादी वाचून दाखवली, औषधांची चिठ्ठी दिली, पासपोर्ट कुठल्या खिशात ठेवायचा ते सांगितलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "यल्ला, बाय, चला. भरती." एकला अजून बराच वेळ होता, पण ऑफिसातले सगळे उठून उभे राहिले.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी मला व्हिडिओ कॉल आला. चाचांना फोन नीट चालवता येत नसे. कॅमेरा उलट्या बाजूचा लागला होता, त्यामुळे ते दिसतच नव्हते. ते जे बघत होते तेच मला दिसत होतं : लाल मातीची पायवाट, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, पुढे खाडीचं चमकणारं पाणी.

"बाय, दिसतंय काय?"

"दिसतंय, चाचा. तुम्ही दिसत नाही."

"मना बघून काय करतस? वळसा नाय घेतला आज. सरळ आलो."

चित्र हललं, एका अंगणात आलं. कौलारू घर, दारात एक म्हातारी तांदूळ निवडत बसलेली. तिने मान वर केली. चाचा थांबले असावेत, कारण चित्र स्थिर झालं. पडद्याच्या कडेला काळी लोकरीची टोपी धरलेला एक हात आला.

"शेवंते," चाचांचा आवाज. "दत्तूला मी सगळीकडं बघितलेला."

म्हातारीने सुपातला खडा वेचून बाजूला टाकला.

"ते तू आईला तवाच सांगितलंस की," ती म्हणाली. "मी हितंच बसलेले. मग इतकी वर्षं तोंड कशापायी चुकवलंस?"

टोपी धरलेला हात खाली गेला. मी फोन बंद करायला हवा होता, तो त्या दोघांचा क्षण होता, हे मला समजत होतं. मी बंद केला नाही.

"आत ये," शेवंती म्हणाली. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि सूप घेऊन घरात गेली. आतून तिचा आवाज आला, "दारात काय उभा राहतोस? ये आत, चहा टाकते."

चित्रात नुसता उंबरा होता. हळदीची बोटं उमटलेला, मधोमध झिजलेला. किती तरी वेळ तो तसाच दिसत राहिला. मग तो जवळ आला, पायाखालून मागे गेला, आणि बाहेरच्या उन्हातून एकदम आतला अंधार आल्यामुळे पडदा काळा झाला. मला आता काहीच दिसत नव्हतं. फक्त कपबशीचा आवाज येत होता.